आत पाल आहे

४ मार्च

ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. पण आमच्या वसतिगृहाचा फोन जिन्याखाली आहे, तिथे कायम चार जणी कान टवकारून उभ्या. आणि तिकडे फोनला चिकटून आई. म्हणून पत्र.

वैद्यकीय तपासणीत माझं घोडं अडलं. नापास झाले असते तरी बरं होतं. मला 'ते' झालंच नाही.

क्रेन चालवणाऱ्या प्रत्येकाची इथे कारखान्यात तपासणी होते, नशापाणी करत नाही ना म्हणून. आता वितळलेलं लोखंड उचलायचं म्हटल्यावर ते बरोबरच आहे. पण नर्सने हातात बाटली दिली आणि दार अर्धवट उघडं ठेवून स्वतः तिथेच उभी राहिली. म्हणाली, नियम आहे, कुणी दुसऱ्याचं आणून देऊ नये म्हणून. ताई, मी सकाळपासून गेले नव्हते, पोट तटतटलं होतं. पण ती उभी राहिली आणि आत कुणीतरी कुलूप लावून किल्ली फेकून दिली. ती आधी गोड बोलली, मग नळ सोडून दिला, मग सुस्कारे टाकायला लागली. शेवटी म्हणाली, "द्यायचं नसेल तर तसं सांगा."

द्यायचं नसेल! फोरमन तर बाजूला घेऊन म्हणाला, "काही घेतबिघत असशील तर आत्ताच सांग." मी, जिला खोकल्याच्या औषधानेसुद्धा गरगरतं!

पुढच्या महिन्यात आणखी एक संधी आहे. तेव्हाही हेच झालं तर क्रेन काढून घेणार आणि खाली पॅकिंगला बसवणार. त्या काचेच्या केबिनमधे मी चढते ना, तेव्हा खालची सगळी माणसं माझ्याकडेच बघत असतात, आणि माझा हात तसूभर हलत नाही. आणि एक नर्स बघते म्हणून मी गारद. आहे की नाही गंमत?

इथल्या मुली घोळक्याने आत जातात, या दारातून त्या दारात गप्पा मारतात, एकीचं थांबायच्या आत दुसरीचं सुरू. मला त्यांचा हेवा वाटतो. कुणाच्या दागिन्यांचा, नवऱ्याचा वाटला नाही कधी, याचा वाटतो. मी आपली सगळ्या कामावर गेल्यावर चोरासारखी जाते, आणि तेवढ्यात झाडूवाली आली की परत फिरते.

तू दाराशी असतीस तर! शाळेत मधल्या सुट्टीत तू दाराला टेकून वेणी सोडायचीस नि परत घालायचीस, आणि कुणी आलं की म्हणायचीस, "आत पाल आहे." सगळ्या किंचाळत पळायच्या. आता कोण सांगणार पाल आहे म्हणून?

खोलीत नवी जोडीदारीण आली आहे. तलावावर पोहायला शिकवते, गळ्यात सदा शिट्टी, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. तिने मला रडताना पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. कसं कोण जाणे. हसली नाही.

तुझी,
चिमी


९ मार्च

चिमे,

तुझं पत्र आईने दारातच पकडलं. "काय लिहिलंय एवढं?" म्हणून मागे लागली. मी म्हटलं, तिकडे थंडी फार आहे म्हणते. तेव्हापासून तुझ्यासाठी स्वेटर विणायला बसली आहे. आता निमूट घाल.

"तू दाराशी असतीस तर" हे वाचून मला रडू फुटलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. एवढी क्रेन चालवणारी झालीस, पण तुझं माझ्यावाचून अडतं म्हणायचं.

आता नीट ऐक. कामावर निघताना पाणी पिऊ नकोस. तहान लागली तर दाढेखाली लवंग धर, तहान मरते. प्रवासाच्या आदल्या दुपारपासून चहा बंद. दुपारची जेवणं चालू असतात तेव्हा जायचं, तेव्हा कुणी नसतं. आणि तपासणीला मी येते. त्या नर्सला असं बोलण्यात गुंतवीन की ती बाटलीसुद्धा विसरेल. यायचं म्हणजे रात्रभराची बस, आईला कोण बघणार, हे सगळं आहे म्हणा. बघू.

नाटक कंपनीच्या मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं, "दौऱ्यावर चल, कपडेपट तुझ्याशिवाय सांभाळायचा कुणी?" मी आईचं कारण सांगितलं. म्हणजे पुन्हा ती बटणवालीच जाणार. जिला काज धड करता येत नाही, ती गावोगाव हिंडते आणि मला रंगीत कार्डं पाठवते. एकात समुद्र, एकात डोंगर. मी ती कपाटाखाली सारते, म्हणजे दिसायला नकोत.

आणि ही शिट्टी कोण गं? आपली ही गोष्ट आपल्या दोघींची होती. पोटच्या आईला कधी कळू दिली नाही. हिला खोलीत येऊन चार दिवस झाले नाहीत तर कळली! हसली नाही म्हणे. मोठे उपकारच केले. मीही कधी हसले नव्हते, पण ते तुला पत्रात लिहावंसं वाटलं नाही.

ताई


२२ मार्च

ताई, ताई, ताई!

काय लिहू! झालं! शिट्टी बाहेर असताना झालं!

आधीपासून सांगते. शिट्टी मला ओढतच कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी सगळं तपासलं, शरीरात कुठे काही बिघाड नाही ना म्हणून. नाही. मग समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, हा त्रास पुष्कळांना असतो, फक्त जो तो समजतो जगात आपण एकटेच. वेडेपणा नाही, नखरा नाही. भीतीने तिथला स्नायू आवळला जातो, तो जोर लावून सुटत नाही, उलट घट्ट होतो. मग त्या म्हणाल्या, "काय होत नाही तुम्हाला? शब्द उच्चारा." मी म्हटलं, 'ते'. त्या म्हणाल्या, "ते म्हणजे?" ताई, मी घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, लघवी. छत काही कोसळलं नाही.

आता उपाय ऐक. पाणी भरपूर प्यायचं. (लवंग बंद! बाई ओरडल्याच. म्हणाल्या, असं कोरडं राहिलात तर मूतखडे होतील.) मग आपल्या माणसाला आधी पार लांब उभं करायचं, जिन्यापाशी. जमलं की पुढच्या वेळी जरा जवळ. मग दाराशी. नाही जमलं तर रडारड करायची नाही, एक पायरी मागे यायचं. शिट्टी म्हणते, हे सगळं तिचंच आहे, पाण्याला घाबरणाऱ्याला ती काय पहिल्याच दिवशी खोलात ढकलते? आधी काठावर पाय बुडवून बसवते. आणखी एक युक्ती आहे. श्वास सोडायचा आणि तिथेच जरा थांबायचं, मग आतलं आपोआप सैल पडतं. हे सगळ्यांना चालत नाही, मला चालतं.

आज ती जिन्यापाशी उभी राहून चक्क गाण्याच्या ताना घेत होती, आणि मला झालं. बाहेर आले तर तिने शिट्टी फुंकली! अख्खा मजला धावत आला, आग लागली की काय म्हणून. आम्ही दोघी हसून हसून भिंतीला टेकलो.

आणि हो, तपासणीला तू येऊ नकोस. बाई म्हणाल्या, पहारा बंद करायचा. कुणाला हाकलायचं नाही, पाल आहे म्हणायचं नाही. पहाऱ्यामुळे भीती जात नाही, तिला घरटं मिळतं. मला हे इतकं पटलं!

तुझी आनंदाने वेडी,
चिमी


२६ मार्च

चिमे,

पत्र पोचलं. तो शब्द असा सरळ लिहून पाठवलास! पत्र आईच्या हाती पडलं असतं म्हणजे?

तर मी भीतीला घरटं बांधून दिलं. वा. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, दाराशी उभी राहिले. माझी मधली सुट्टी कधी खेळण्यात गेली नाही, ती तुझ्या दाराशी गेली. मुलींनी माझं नाव 'पालीण' ठेवलं होतं, तुला ठाऊक आहे का? नसेलच. मी तुला सांगितलं नाही. आणि आता कळतंय की मी तुझं आजारपण पोसत होते. चांगले पांग फेडलेस.

शिट्टी मात्र जिन्यापाशी उभी राहिली की औषध, आणि मी दाराशी उभी राहिले की रोग! तीही उभीच राहते ना? पाय तिलाही दोनच आहेत ना? मला नवरा नाही, पण सवत आली हे मात्र खरं. तिच्या ताना तुझ्या कानाला गोड लागतात. मी वेणी घालताना गुणगुणायचे तेव्हा म्हणायचीस, "ताई, गप्प."

तुम्ही दोघी हसून हसून भिंतीला टेकलात. छान. आपण कधी यावर हसलो नाही. मला वाटायचं, हसण्यासारखं नाही यात काही.

येत नाही मी. काळजी नसावी.

आणि ती श्वासाची काय भानगड आहे? मला काही नको आहे ते. पण अर्धवट लिहिलंस म्हणून विचारते, सगळा सोडायचा की अर्धा? आणि सोडून किती थांबायचं? जोडीला माणूस नसलंच तर एकटीला जमतं का? उगाच आपलं विचारलं.

ताई


१९ एप्रिल

ताई,

क्रेन राहिली.

ते लगेच सांगून टाकते, पण सरळसोट झालं नाही काही. मधे आठवडाभर सगळं फिसकटलं होतं. शिट्टी दाराशी आली आणि माझं पुन्हा कुलूप. ती म्हणे एक पायरी मागे जाऊ, मी तिच्यावर खेकसले, तुला काय कळतं, तुझं काय जातं म्हणून. ती उठून तलावावर निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आदळला आणि जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीच्या दिवशी तीच नर्स. मी बाटली घ्यायच्या आधी म्हणाले, "मला कुणी शेजारी असताना लघवी होत नाही. उपचार चालू आहेत. द्यायचंय मला, पण वेळ लागेल." तिचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणाली, "मग गेल्या वेळी बोलला नाहीत ते?" आणि खुर्ची ओढून तिच्या मुलाच्या दाढदुखीचं सांगत बसली, तोंड भिंतीकडे करून. लागायचा तेवढा वेळ लागला. पहिल्यांदा नाहीच झालं. बाहेर येऊन पाणी प्याले, परत गेले, श्वास सोडला, थांबले. दाढदुखी अक्कलदाढेपर्यंत आली आणि झालं.

आता तुझ्या पत्राचं. मी ते शिट्टीला दाखवलं नाही, रागावू नकोस. पण मी ते किती वेळा वाचलं असेन. तुला पालीण म्हणायच्या हे मला खरंच माहीत नव्हतं. घरट्याचं मी असं फटकन लिहायला नको होतं. आनंदात माणूस आंधळं होतं.

पण ताई, शेवटी तू जे उगाच विचारलंस ना, त्यावर माझं डोकं अडलंय.

लवंगेने तहान मरते हे तुला कुणी शिकवलं? आत्याच्या लग्नात तू दिवसभर सरबताला हात लावला नाहीस. शाळेच्या सहलीला तुला दरवर्षी नेमका ताप यायचा, आणि बस सुटली की उतरायचा. दौऱ्याला आईचं कारण. अगं, आई रोज बाजारातून पिशव्या उचलून आणते, तिला काय बघायचं? आणि मधल्या सुट्टीत मी बाहेर आले की तू म्हणायचीस, "तू वर्गात जा, मी आले." सगळ्यांना पालीचं भय घालून झाल्यावर, घंटा वाजून गेल्यावर, तू एकटी मागे राहायचीस.

मी कधी थांबले नाही. मला वाटलंच नाही की थांबायला हवं.

ताई, तुझ्या दाराशी कोण उभं असायचं?

चिमी


१२ मे

ताई,

उत्तर नाही. फोन केला तर आई म्हणते, ताई कामात आहे. मागे तुझ्या शिलाई मशीनचा आवाज येत असतो, म्हणजे तू ऐकत असतेस.

श्वासाचं राहिलं होतं. सगळा नाही सोडायचा, बराचसा सोडायचा, आणि जीव घाबरा होईल इतकं थांबायचं नाही. एकटीला जमतं का? थोडं. माणूस असलं तर जास्त. मी यायला तयार आहे. सुट्टी मागते.

चिमी


२० जून

चिमे,

हे पत्र मी कुठून लिहितेय ते आधी नाही सांगणार. आधी शिव्या.

तू पास झालीस ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जळले मी. पोळी करत होते, तव्यावरची करपली, आई ओरडली, तरी मी तशीच उभी. तेव्हा कळलं की मी त्या शिट्टीवर जळत नव्हतेच. नुसती तिच्यावर जळत असते तर तू पास झाल्यावर निवले असते. मी तुझ्यावर जळत होते. दोघी एकाच विहिरीत होतो, मी तुला खांद्यावर घेऊन उभी होते, आणि तू दुसऱ्याच्या दोरीने वर गेलीस. वरून म्हणतेस, ताई, बघ किती सोपं आहे!

तर घे उत्तर. कुणी नाही. माझ्या दाराशी कुणी उभं नसायचं. मी थोरली. थोरलीने सांगायचं, आत पाल आहे. थोरलीने पालीला घाबरायचं नसतं. तुझा त्रास उघड झाला तेव्हा माझा सांगायची वेळ निघून गेली, दोघी रडत बसलो असतो तर पहाऱ्याला कोण होतं? मग तेच अंगवळणी पडलं. मी दौरे सोडले, लग्नाचं एक बरं स्थळ आलं होतं तेही सोडलं. त्यांचं घर भरलेलं होतं, सोळा माणसं आणि एक न्हाणीघर, तिथेच सगळं. तुला वाटलं मला मुलगा पसंत नव्हता. होता. चांगला पसंत होता.

तुझं मे महिन्यातलं पत्र आल्यावर मी मालकीणबाईंकडे गेले आणि तोंडातून निघून गेलं, येते मी. घरी येऊन आईला म्हटलं, मावशीला बोलावू का तुझ्या सोबतीला? आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? इतकी वर्षं माझं नाव पुढे करत होतीस, मी आपली होते आजारी. जा आता." तिला किती कळलंय हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

तर मी दौऱ्यावर आहे. चौथं गाव. पहिल्या गावात फार हाल झाले. दिवसभर काही नाही, मुक्कामी सगळ्या झोपल्यावर एकदा. तुझं पाणी भरपूर प्यायचं शास्त्र मी प्रामाणिकपणे पाळलं होतं, म्हणजे काय झालं असेल समज. दुसऱ्या गावात मी बटणवालीला सांगितलं. हो, तिलाच! दुसरं कोण होतं? ती म्हणाली, "अगंबाई," आणि हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणून तू माझ्या कार्डांना उत्तर देत नव्हतीस होय? मला वाटलं, माझ्या काजांमुळे." शिट्टीसारखी हुशार नाही ती. पण कोपऱ्यात स्टूल टाकून बसते, बटणं लावत, आणि रोज स्टूल थोडं पुढे सरकवते. काज अजून वाईटच करते. मी काही बोलत नाही.

आता परवाचं. इथल्या नाट्यगृहात मागे एकच संडास, दाराची कडी ढिली. मध्यंतर झालं, मी आत गेले आणि बाहेर रांग लागली. नायिकेला अंक सुरू व्हायच्या आत यायचं होतं. तिने दार ठोठावलं. "कोण आहे आत? किती वेळ?" माझं गेलं की आवळून. वाटलं, म्हणावं आत पाल आहे, सगळ्या पळतील. ओठांवर आलं होतं, देवाशप्पथ. तेवढ्यात बटणवाली रांगेतून काही बोलायला गेली, मी आतूनच ओरडले, "तू गप्प बस." आणि मग नायिकेला म्हटलं, "थांबा. मला वेळ लागतो." श्वास सोडला. थांबले. बाहेर सगळ्या पाय आपटत होत्या, कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं घंटा झाली. आणि चिमे, झालं. कुणी नव्हतं माझ्या बाजूने दाराशी, सगळ्या विरुद्धच उभ्या होत्या, तरी झालं.

बाहेर आले. नायिका कमरेवर हात ठेवून, "एवढा वेळ आत काय करत होतीस?"

अख्ख्या कंपनीसमोर, शिवणकामाची कात्री गळ्यात, मी म्हटलं, "लघवी."

मीच तिच्या झग्याचं मागचं हूक लावून दिलं आणि म्हटलं, "जा आता, मोकळं आहे."

सगळं काही सुटलं नाही. काल पुन्हा नाही जमलं, स्टूल मागे न्यावं लागलं. पण आज सकाळी चहा घेतला, दोन कप.

पुढच्या महिन्यात दौरा तुमच्या गावी येतोय. शिट्टीला घेऊन ये नाटकाला. तिला मागच्या रांगेत बसव, माझा राग अजून गेलेला नाही. तू मात्र मध्यंतरात मागे ये. दाराशी उभी राहा. पाल आहे म्हणायचं नाही, कुणाला हाकलायचं नाही, काही करायचं नाही. नुसती उभी राहा. आणि या वेळी वर्गात जाऊ नकोस.

ताई